छाप्याला उरले तेरा तास

भीमा कोरेगाव–एल्गार परिषद खटल्याची बातमी महाराष्ट्राने वाचली ती छाप्यापासून पुढची. छापा, अटक, पत्रकार परिषद, कोठडी, जामीन नामंजूर. ती बाजू आपल्याला तोंडपाठ आहे. इथे मांडतो आहे तो छाप्याच्या आधीचा काळ. आधी महिने, मग दिवस, मग तास.

या वेळा आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या डिजिटल फॉरेन्सिक संस्थेच्या अहवालांतून घेतल्या आहेत. बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटाच्या खटल्यातही या संस्थेने काम केलं होतं. खटल्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची जी क्लोन कॉपी आरोपींच्या वकिलांना कोर्टामार्फत मिळाली, तीच अमेरिकन बार असोसिएशनच्या मदतीने आर्सेनलकडे पोचली आणि संस्थेने ती पैसे न घेता तपासली. दुरून कुणीतरी त्या लॅपटॉपमध्ये शिरून कागदपत्रं ठेवली, असं अहवाल सांगतात. पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला, म्हणजे एनआयएला, हे अहवाल मान्य नाहीत. ते दोषारोपपत्राचा भाग नाहीत आणि वादाचे मुद्दे खटल्यातच तपासले जावेत, अशी भूमिका तिने हायकोर्टात घेतली. लॅपटॉपमध्ये शिरलेला माणूस कोण होता, हे कुठल्याही कोर्टाने ठरवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना त्याचा विसर पडणं सोपं आहे.

१३ जून २०१६. छाप्याला २२ महिने

दिल्लीत राहणारे रोना विल्सन राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी काम करत. त्यांच्याकडे एचपी पॅव्हिलियन लॅपटॉप होता. त्या दिवशी त्यांना ओळखीच्या पत्त्यावरून ईमेल येऊ लागले. खातं तेलुगू कवी वरवरा राव यांचं होतं, पण ते वापरणारा दुसराच कुणीतरी होता. सोबतची फाइल उघडून पाहा, असा आग्रह एकामागून एक ईमेलमधून होत राहिला. फाइलचं नाव होतं ‘अनदर व्हिक्टरी’. लिंक ड्रॉपबॉक्सची वाटत होती. अखेर विल्सन यांनी ती उघडली. पडद्यावर एक साधा दस्तऐवज दिसला आणि त्यामागे नेटवायर नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये उतरलं.

नेटवायर कुणालाही इंटरनेटवर विकत मिळत असे. २०२३मध्ये अमेरिकन आणि युरोपीय पोलिसांनी मिळून ते विकणारी वेबसाइट बंद केली. ते एकदा बसलं की दूर बसलेल्या माणसाला समोरच्याने दाबलेली प्रत्येक कळ कळते, पासवर्ड कळतात, फाइली पाहता येतात, उचलता येतात. आणि ज्या वाटेने फाइल बाहेर नेता येते, त्याच वाटेने ती आतही आणून ठेवता येते.

खाजगीपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा नेहमी काहीतरी बाहेर जाण्याची भीती बोलून दाखवतो. फोटो बाहेर जातील, बँकेचे तपशील जातील, बायकोशी झालेलं बोलणं कुणी वाचेल. चोर घरात शिरला तर काय नेलं, हे आपण आधी बघतो. तो काही ठेवून गेला असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. या खटल्याने ती दुसरी भीती आपल्यासमोर आणली आहे आणि मला ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

विल्सन पहिले नव्हते. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचा कॉम्प्युटर त्याआधीच, २९ फेब्रुवारी २०१६ला, अशाच ईमेलमधून नेटवायरच्या ताब्यात गेला होता. वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये अशिलांची कागदपत्रं असतात. त्यांचं काय झालं, यावर महाराष्ट्रातल्या बार असोसिएशनांनी आवाज उठवायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

३ नोव्हेंबर २०१६. छाप्याला साडेसतरा महिने

विल्सन यांच्या लॅपटॉपवर एक नवं फोल्डर तयार झालं. पुढे त्याचं नाव ‘आरबॅकअप’ असं राहिलं. ते लपवलेलं होतं, म्हणजे लॅपटॉप नेहमीसारखा वापरणाऱ्याच्या नजरेला पडणार नाही असं. पोलिसांनी नंतर पुरावा म्हणून मांडलेलं एकेक पत्र पुढच्या दीड वर्षात याच फोल्डरमध्ये येऊन पडत गेलं. पंतप्रधानांना ‘राजीव गांधींसारख्या घटने’त संपवण्याची भाषा असलेलं, देशभर गाजलेलं पत्र त्यांतलंच.

या पत्रांबद्दल आर्सेनलने नोंदवलेल्या दोन गोष्टी कॉम्प्युटरचं फारसं ज्ञान नसलेल्यालाही कळतील. पत्रांच्या पीडीएफ वर्डच्या २०१० किंवा २०१३ आवृत्तीतून बनल्या होत्या, आणि विल्सन यांच्या लॅपटॉपवर वर्ड २००७ होतं. शिवाय ही पत्रं त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याचा एकही माग सापडला नाही. ज्याने ती जपून ठेवली असं म्हणायचं, त्याने ती एकदाही वाचली नव्हती.

५ जुलै २०१७. छाप्याला सव्वानऊ महिने

आता फोनची पाळी आली. विल्सन यांच्या आयफोन सिक्स एसचे दोन बॅकअप लॅपटॉपमध्ये सापडले. आर्सेनलने ते तपासले तेव्हा त्यांत पेगासस या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरच्या खुणा मिळाल्या. ५ जुलै २०१७ ते १० एप्रिल २०१८ या काळात ४९ वेळा हल्ले झाले आणि त्यांतले काही यशस्वी ठरले. पेगासस बनवणारी एनएसओ कंपनी सांगते की ते फक्त सरकारांना आणि सरकारी यंत्रणांना विकलं जातं. भारत सरकारने ते घेतलं की नाही, याचं सरळ उत्तर सुप्रीम कोर्टालाही मिळालं नाही.

२४ ऑगस्ट २०१७. छाप्याला जवळजवळ आठ महिने

फोनवरचे हल्ले सुरू असतानाच सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा. देशभर या निकालाचं स्वागत झालं.

पण पोलिसांच्या हातात तेव्हाही १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिताच होती. तिच्या कलम १६५ने तपास अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवून वॉरंटशिवाय झडती घ्यायची मुभा दिली होती. कलम १०० दोन पंच आणायला सांगत होतं. फोन या वस्तूचा विचार त्या कायद्यात असण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे खिशातल्या पाकिटाची झडती आणि खिशातल्या फोनची झडती कायद्याच्या लेखी एकच राहिली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २५ जून २०१४ला रायली खटल्यात नेमका हाच फरक केला होता. माणसाला अटक केली तरी त्याचा फोन उघडायचा असेल तर आधी वॉरंट आणा, असं तिथल्या नऊही न्यायाधीशांनी पोलिसांना बजावलं. आपल्याकडे मूलभूत हक्क मिळाला, पण पोलीस ठाण्यातल्या टेबलावर तो कसा पाळायचा याची एक ओळही मिळाली नाही.

११ जानेवारी २०१८. छाप्याला ९६ दिवस

३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या परिसरात हिंसाचार झाला, त्यात एका तरुणाचा जीव गेला. ८ जानेवारीला पुण्यात विश्रामबाग पोलीस ठाण्यात एल्गार परिषदेच्या संदर्भात गुन्हा नोंदवला गेला.

त्यानंतर तीनच दिवसांनी, ११ जानेवारीला, विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये जे झालं ते आर्सेनलने पायरीपायरीने मांडलं आहे. लॅपटॉपच्या मालकाला कल्पना नसताना नेटवायरमधून कुणीतरी आत येतो. सोबत एक दाबून बांधलेली फाइल आणतो. ती सोडवायला लागणारा छोटा प्रोग्रॅमही आणतो, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्या प्रोग्रॅमला ‘अडोबी’ असं नाव देतो. फाइल सोडवायची आज्ञा टाइप करतो. आज्ञा चुकते आणि फाइल हव्या त्या फोल्डरमध्ये पडत नाही. तो पुन्हा आज्ञा देतो. या वेळी ‘मोहिला मीटिंग जान’ नावाची पीडीएफ आरबॅकअपमध्ये नीट बसते. मग आणलेली अवजारं तो आवरून घेतो.

एका चुकलेल्या आज्ञेने हा सगळा प्रकार उघडा पडला. मशीनच्या आतल्या नोंदी काही पुसल्या जातात, काही राहतात, आणि राहिलेल्यांत घाईत असलेल्या माणसाचा हात दिसतो.

१४ मार्च २०१८. छाप्याला ३४ दिवस

आरबॅकअपमधली पत्रं लॅपटॉपला जोडलेल्या पेनड्राइव्हवरही गेली. आता ती दोन वस्तूंमध्ये होती. दोन ठिकाणी सापडलेला पुरावा एका ठिकाणी सापडलेल्यापेक्षा भक्कम वाटतो.

१० एप्रिल २०१८. छाप्याला सात दिवस

फोनच्या बॅकअपमध्ये पेगाससच्या हल्ल्याची शेवटची खूण.

१६ एप्रिल २०१८, दुपारी ४ वाजून ५० मिनिटे. छाप्याला तेरा तास

आरबॅकअप फोल्डरमध्ये शेवटचा बदल झाला.

मला हा सगळ्या अहवालांतला सर्वांत जड आकडा वाटतो. बावीस महिने कुणीतरी एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये ये-जा करत होता आणि त्याचा शेवटचा हात फिरला तो पोलीस दारात येण्याच्या आदल्या संध्याकाळी. योगायोग असू शकतो. पण छाप्याची तारीख छाप्याआधी किती जणांना ठाऊक असते? तपास अधिकारी, त्याचे वरिष्ठ, पथकातले मोजके लोक. हा प्रश्न कोर्टात शपथेवर विचारला जायला हवा आणि त्याचं उत्तर शपथेवरच मिळायला हवं. आदल्या दिवशी हात फिरवून आवरून घेण्याचा हा प्रकार या खटल्यात एकदाच दिसला असता, तर मी गप्प बसलो असतो. तो पुन्हा दिसतो. त्याकडे पुढे येतो.

१७ एप्रिल २०१८, सकाळी सहाच्या सुमारास

पुणे पोलिसांचं पथक दिल्लीत मुनीरकातल्या विल्सन यांच्या फ्लॅटवर पोचलं. त्याच दिवशी नागपुरात गडलिंग यांच्या घरी, तसंच मुंबईत आणि पुण्यातही छापे पडले. दिल्लीत लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह ताब्यात घेतले गेले.

मुद्देमाल जप्त करताना काय होतं, ते कोर्टकचेऱ्यांत वावरणाऱ्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. पंचनाम्यात वस्तूचं वर्णन लिहितात: कंपनी, रंग, सिरियल नंबर, फोन असेल तर आयएमईआय. दोन पंच सही करतात. वस्तू खाकी कागदात गुंडाळून लाखेचं सील लावतात, वर लेबल चिकटवतात. चाकू, रक्ताळलेले कपडे, नोटांची बंडलं यांच्यासाठी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि त्यांच्यापुरती ती बरोबरही आहे, कारण सीलच्या आत चाकू चाकूच राहतो. लॅपटॉपचं तसं नसतं. तो नुसता चालू केला तरी आतल्या अनेक फाइलींच्या तारखा बदलतात. फोन तर चालू असेपर्यंत नेटवर्कशी जोडलेला असतो आणि दुरूनही त्यात फेरफार करता येतो. म्हणूनच जप्त केलेला फोन रेडिओ लहरी अडवणाऱ्या फॅराडे बॅगमध्ये ठेवायचा असतो.

आणि म्हणूनच हॅश व्हॅल्यू काढायची असते. डिस्कमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने अक्षरं-आकड्यांची एक ओळ तयार होते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. लाखो पानांतला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी ओळ बदलते. जप्तीच्या क्षणी, मालकाच्या समोर, ही ओळ पंचनाम्यात उतरवून घेतली तर त्यानंतर डिस्कला कुणी हात लावला की नाही, हे पुढे वीस वर्षांनीही सांगता येतं. जप्तीच्या वेळी हॅश दिली गेली नाही, अशी या खटल्यातल्या आरोपींची तक्रार राहिली आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. हॅशने छाप्यानंतरची ढवळाढवळ कळते. छाप्याच्या आधीच आत येऊन पडलेलं पत्र हॅशच्या दृष्टीने अस्सलच असतं. पहाटे सहाला कितीही काटेकोर हॅश काढली असती, तरी आदल्या संध्याकाळी चार-पन्नासला झालेल्या बदलावरही तिने शिक्काच मारला असता. त्यावर इलाज एकच: ज्याचा फोन किंवा लॅपटॉप आहे त्याला पूर्ण प्रत लगेच मिळाली पाहिजे, म्हणजे तो ती स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवू शकेल. विल्सन यांच्या बाबतीत छापा ते आर्सेनलचा पहिला अहवाल, म्हणजे ८ फेब्रुवारी २०२१, यात जवळजवळ तीन वर्षं गेली. त्यांतली बहुतेक त्यांनी तुरुंगात काढली.

६ जून २०१८. छाप्यानंतर ५० दिवस

विल्सन, गडलिंग, सुधीर ढवळे, शोमा सेन आणि महेश राऊत यांना अटक झाली. लगोलग पुण्याच्या कोर्टात ‘राजीव गांधींसारख्या घटने’चं पत्र वाचलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत ते प्रत्येक वाहिनीवर होतं. २८ ऑगस्टला अटकांची दुसरी फेरी झाली. ३१ ऑगस्टला पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन आणखी पत्रं वाचून दाखवली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना पुरावा म्हणून वापरायची कागदपत्रं अशी जाहीर कशी वाचली, असं मुंबई हायकोर्टाने विचारलं. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. फोनमधून काढलेला मजकूर आधी टीव्हीवर आणि मग कोर्टात, हे त्यानंतर नेहमीचंच झालं. २०२० साली मुंबईत अमली पदार्थांच्या तपासात कलाकारांचे व्हॉट्सॲप चॅट असेच घरोघरी वाचले गेले.

११ जून २०१९, रात्र. रांचीतल्या छाप्याला काही तास

याच खटल्यात पुढे आरोपी झालेले फादर स्टॅन स्वामी हे जेझुइट धर्मगुरू. रांचीजवळ नामकुमच्या बगइचा केंद्रात राहून त्यांनी आदिवासींच्या जमिनीसाठी आणि कच्च्या कैद्यांसाठी काम केलं. पुणे पोलिसांनी २८ ऑगस्ट २०१८ला त्यांच्या खोलीवर एकदा छापा घातला होता. आर्सेनलने डिसेंबर २०२२मध्ये त्यांच्या कॉम्प्युटरचा अहवाल दिला, त्यानुसार तो १९ ऑक्टोबर २०१४पासूनच दुसऱ्याच्या ताब्यात होता. म्हणजे पहिला छापा पडला तेव्हाही आत कुणीतरी होतंच. आणि ११ जून २०१९च्या रात्री त्या माणसाने आपल्या वावराच्या खुणा पुसायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी, १२ जूनला, पुणे पोलीस बगइचात पुन्हा आले आणि कॉम्प्युटर घेऊन गेले.

दिल्लीत आदल्या संध्याकाळी शेवटचा हात, रांचीत आदल्या रात्री साफसफाई. यापुढे योगायोग हा शब्द वापरायला माझी जीभ धजत नाही.

जून २०२२मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाने सुरक्षा संशोधकांच्या हवाल्याने लिहिलं की विल्सन, वरवरा राव आणि दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक हनी बाबू यांच्या हॅक झालेल्या ईमेल खात्यांना परत मिळवण्यासाठीचा पत्ता आणि फोन नंबर जोडला गेला होता, आणि त्याचा माग पुणे पोलिसांतल्या या खटल्याशी संबंधित अधिकाऱ्यापर्यंत जातो. मासिकाने विचारलेल्या प्रश्नांना पुणे पोलिसांनी उत्तर दिलं नाही. असा आरोप जगभर छापून येतो तेव्हा राज्य सरकारने स्वतंत्र चौकशी लावायला हवी होती, ज्या पोलीस दलावर आरोप झाला त्याच्याच भल्यासाठी.

८ ऑक्टोबर २०२० ते ४ जुलै २०२१

एनआयएने स्वामींना अटक केली आणि त्यांना नवी मुंबईजवळच्या तळोजा तुरुंगात ठेवलं. अटकेच्या दोन दिवस आधी त्यांनी व्हिडिओवर निवेदन दिलं होतं. चौकशीत आपल्या कॉम्प्युटरमधली म्हणून काही कागदपत्रं समोर ठेवली गेली. ती बनावट असून कुणीतरी चोरून आत घातली आहेत आणि आपण ती नाकारली, असं त्यांनी त्यात सांगितलं. आर्सेनलचा पहिला अहवाल यायला तेव्हा चार महिने होते, त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा यायला दोन वर्षं. आपल्या मशीनमध्ये काय आहे आणि काय नाही, हे त्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्याच्या शब्दाला वजन देण्याची सोय मात्र कुठल्याच प्रक्रियेत नव्हती.

त्यांना पार्किन्सन्स होता. हाताला कंप सुटे, पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडल्या. मार्च २०२१मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे महिन्याच्या अखेरीस हायकोर्टाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. ४ जुलैला, रविवारी पहाटे, त्यांचं हृदय थांबलं. व्हेंटिलेटरवर ठेवूनही ते शुद्धीवर आले नाहीत.

५ जुलै २०२१, दुपारी १ वाजून २४ मिनिटे

फादर स्टॅन स्वामींना मृत घोषित केलं गेलं. वय ८४. त्याच दुपारी अडीच वाजता मुंबई हायकोर्टात त्यांच्या जामिनाचं प्रकरण सुनावणीला होतं. न्या. शिंदे आणि न्या. जमादार यांच्या खंडपीठापुढे रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मृत्यूची माहिती दिली.

८ जानेवारी २०२५ आणि त्यानंतर

रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई हायकोर्टाने जामीन दिला. साडेसहा वर्षं तुरुंगात गेली होती. साक्षीदारांची यादी तीनशेच्या वर होती आणि आरोप निश्चित व्हायचेही बाकी होते. खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता नाही, असं कोर्टाने म्हटलं. पत्रं खरी की पेरलेली, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत उलटतपासणीला आलेलाच नव्हता.

मधल्या काळात कायदा थोडा हलला. कर्नाटक हायकोर्टाने मार्च २०२१मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात पोलिसांना फोनच्या झडतीची कार्यपद्धती सांगितली: एरवी वॉरंट, हॅशची नोंद, फॅराडे आवरण. नोव्हेंबर २०२३मध्ये पत्रकारांच्या एका संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने केंद्राला बजावलं की उपकरणं जप्त करण्याचे असे अमर्याद अधिकार धोक्याचे आहेत, मार्गदर्शक तत्त्वं करा. डिसेंबरमध्ये केंद्राने सांगितलं की तूर्त सीबीआयची नियमपुस्तिका पाळली जाईल. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ने झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण बंधनकारक केलं, आणि भारतीय साक्ष अधिनियमाने डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना दिला. ही सुधारणा खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण कलम १८५ खाली वॉरंटशिवाय झडतीचा जुना मार्ग तसाच चालू आहे. ज्याचा फोन नेला त्याच्या हातात जप्तीच्या दिवशीच प्रत पडेल, असं कुठेही लिहिलेलं नाही. व्हिडिओत दिसतो तो बंद लॅपटॉप पिशवीत जाताना. त्याच्या आत काय आहे ते व्हिडिओत येत नाही.

हे दुरुस्त करायला संसदेची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्राच्या गृह विभागाचं एक परिपत्रक पुरेल. आणीबाणीचा प्रसंग सोडला तर मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटशिवाय फोन उघडायचा नाही, आणि वॉरंटमध्ये काय शोधायचं आहे ते लिहायचं. प्रत जागेवर, मालकासमोर काढायची. हॅश पंचनाम्यात लिहून त्याची नक्कल त्याला द्यायची. सात दिवसांत संपूर्ण क्लोन कॉपी त्याच्या वकिलाला द्यायची. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत त्यातला एक शब्दही पत्रकार परिषदेत वाचायचा नाही. आणि दूरवरून कुणी आत शिरल्याच्या खुणा आहेत का, याचं उत्तर प्रयोगशाळेने प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर द्यायचं, कुणी विचारो वा न विचारो.